आंट म्हणजे नक्की कोण?

इंग्रजीतून चिनी कथा-कादंबऱ्या वाचायला लागल्यापासून मला एक खोड लागलीये. पानावर 'आंट' आली की मी थांबते. कुठली आंट? आत्या, मावशी, काकू की मामी? गंमत म्हणजे चिनी भाषेत हे सगळे शब्द वेगवेगळे आहेत. काका तर वडिलांपेक्षा मोठा असेल तर एक शब्द, धाकटा असेल तर दुसरा. म्हणजे आपल्याही पुढे एक पायरी. लेखकाने नेमका शब्द लिहिलेला, माझ्या डोक्यात नेमका शब्द तयार, आणि मध्ये ही इंग्रजी आंट आडवी!

हे पहिल्यांदा टोचलं ते चिनी लेखक लू शुनची 'द न्यू इयर्स सॅक्रिफाइस' ही कथा वाचताना. गोष्ट 1924 ची. अनुवाद यांग श्यानयी आणि ग्लॅडिस यांग या नवरा-बायकोचा. तो चिनी, ऑक्सफर्डला शिकलेला. ती इंग्रज, पण जन्म बीजिंगचा. आयुष्यभर दोघांनी मिळून अनुवाद केले आणि माओच्या सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे लेखक-विचारवंतांच्या छळाच्या त्या काळात, 1968 पासून चार वर्षं दोघंही तुरुंगात होती.

गोष्टीतली बाई विधवा आहे, एका सधन घरात कामाला येते. इंग्रजीत तिला म्हणतात 'श्यांगलिनची बायको'. मूळ चिनीत 'श्यांगलिन साओ', आणि साओ म्हणजे मोठ्या भावाची बायको. वहिनी! श्यांगलिनवहिनी. एवढा एक शब्द बदलला आणि माझ्यासाठी अख्खी गोष्ट बदलली. 'बायको' म्हटलं की ती कुणाच्या तरी मालकीची वाटते. 'वहिनी' म्हटलं की अख्खं गाव तिच्याशी नातं लावून बोलतंय असं दिसतं, आणि तेच गाव पुढे तिला कसं वागवतं ते जास्त जिव्हारी लागतं. सासू तिला पळवून नेते आणि डोंगरातल्या एका घरात विकून दुसरं लग्न लावते. तो नवराही जातो, लहानग्या मुलाला लांडगा नेतो. ती परत कामाला येते तेव्हा लोक तिला काय हाक मारतात? पहिल्याच नवऱ्याच्या नावाने, श्यांगलिनवहिनी. तिचं स्वतःचं नाव गोष्टीत कुठेच नाही.

मुलाची हकिगत ती पुन्हा पुन्हा सांगते. आधी बायका डोळ्यांना पदर लावून ऐकतात. मग कंटाळतात. मग चिडवतात.

आणि वर्षअखेरच्या पूजेत मालकीणबाई (इथे आंट म्हणजे काकूच, कारण नवरा 'चौथा काका' आहे) तिला पेले आणि जेवायच्या काड्या मांडू देत नाही. ठेव ते, म्हणते. दोन नवरे गेलेली बाई, तिचा हात लागला तर पूर्वज जेवणार नाहीत.

माझ्या वडिलांची आत्या आठवली. गौरी जेवणाच्या दिवशी पहाटेपासून पुरण तिनेच वाटायचं, पोळ्या तिनेच लाटायच्या. सवाष्णींच्या ओट्या भरायची वेळ झाली की ती न सांगता माजघरात जायची. तिला कुणी 'ठेव ते' म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणायची गरजच नव्हती.

पुढे दुसरी एक मोलकरीण वहिनीला घाबरवते: मेल्यावर दोन्ही नवरे तुझ्यासाठी भांडतील आणि तुला करवतीने चिरून वाटून द्यावं लागेल. कोण चिरणार? यांगांच्या इंग्रजीत 'किंग ऑफ हेल'. मूळ चिनीत यानलुओ. हा यानलुओ बौद्ध धर्माबरोबर भारतातूनच तिकडे गेलेला आपला यमराज! इंग्रजी वाचकाला तो कुठलातरी परका राक्षस वाटणार. आपल्याला रेडा आणि पाश दिसतात.

म्हणून माझं मत असं की चिनी साहित्य इंग्रजीतून वाचणाऱ्या मराठी माणसाला इंग्रज वाचकापेक्षा जास्त दिसू शकतं. फक्त वाचताना इंग्रजीत राहायचं नाही.

इंग्रजीवर डोळे मिटून विश्वासही ठेवायचा नाही. लाओ श यांची 'रिक्षा बॉय' ही बीजिंगच्या हातरिक्षावाल्याची कादंबरी. 1945 मध्ये एव्हन किंगने ती इंग्रजीत आणली, अमेरिकेत धडाक्यात खपली. मूळ कादंबरीत नायकाचा जीव जडलेली मुलगी गळफास घेते आणि नायक माणसातून उठतो. किंगसाहेबांनी दोघांना एकत्र आणून सुखात पाठवलं! त्यावर कडी म्हणजे 1955 च्या चिनी आवृत्तीत खुद्द लाओ श यांनीच शेवटचं दीड प्रकरण गाळलं. एकीकडे बाजार, दुसरीकडे राजकारण. बिचारा रिक्षावाला दोन्हीकडून मेला. मूळ शेवट हवा असेल तर हॉवर्ड गोल्डब्लाटचा 2010 चा अनुवाद घ्या.

उलटंही होतं म्हणा. लिऊ सिशिनच्या 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' या विज्ञान कादंबरीत सांस्कृतिक क्रांतीतला मारहाणीचा प्रसंग लेखकाला सुरुवातीलाच हवा होता. चिनी पुस्तकात सेन्सॉरच्या धास्तीने तो मध्ये ढकलला गेला. केन लिऊने 2014 च्या इंग्रजी अनुवादात तो परत पुढे आणला. म्हणजे इथे लेखकाच्या मनातलं पुस्तक आधी इंग्रजीत वाचायला मिळालं.

सध्या यू हुआची 'क्रॉनिकल ऑफ अ ब्लड मर्चंट' घेऊन बसलेय. रक्त विकून संसार रेटणाऱ्या माणसाची गोष्ट. रक्त विकून झालं की हा परतलेली डुकराची कलेजी खातो, वर तांदळाची दारू. हातात पेन्सिल आहेच. सुरुवातीलाच 'फोर्थ अंकल' आला, समासात लिहिलं: काका, वडिलांपेक्षा धाकटा. मग 'ग्रँडफादर' आला. लिहिलं: आजोबा. आणि अडले. आईकडचे की वडिलांकडचे? चिनीत दोघांना दोन शब्द आहेत. इथे मराठीचीही आंट झाली.