सातबाऱ्यावरचे पाहुणे

कोकणातली जमीन परक्याला विकू नका, हा उपदेश आता गावात कमी आणि गावाबाहेर जास्त चालतो. आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर चार दिवसांनी कोणीतरी 'भूमिपुत्रा, जागा हो' असलं काही टाकतो आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. टाकणारा विरारचा असतो, डोंबिवलीचा असतो, दुबईचा असतो. अंगठा देणाऱ्यांत नॉर्वेतला मीही असतो. वाडीत प्रत्यक्ष राहणारे त्यावर काही बोलत नाहीत. त्यांचा मेसेज येतो तो 'लाइट तुमच्याकडे पण गेली काय?' एवढाच.

मी स्टाव्हांगरला असतो, समुद्रातून तेल काढण्याच्या धंद्यात. घर राजापूर तालुक्यात, खाडीवरून चढण चढून वर. आई गेल्यापासून त्याला कुलूप. या शिमग्याला गेलो तो शाळेतल्या मित्रमंडळींना भेटायला. बाळा, जो गाव सोडून कधी गेलाच नाही आणि हापूसची कलमं राखून आहे. रफिक, उमेदीची वर्षं कुवेतला काढून परत आलेला. आणि सुनंदा, जी आता आशाताई आहे आणि कुठल्या घरात कोणाला बीपीची गोळी चालू आहे ते तिला तोंडपाठ असतं. परदेशातून आलेल्याची पहिली बैठक ठरलेली असते: पगार किती, थंडी किती, मासळी मिळते काय. ती उरकली की खरी बोलणी निघतात.

रिफायनरीचा विषय निघणार हे ठाऊक होतं. नाणारचा प्रकल्प २०१९ मध्ये रद्द झाला, मग बारसू-सोलगावचं नाव आलं. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी तिथल्या बाया भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. त्याच बारसूची कातळशिल्पं आदल्या वर्षी युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेली. रफिकने सरळ विचारलं, "तू तिकडे तेलावर जेवतोस आणि आम्हाला नको म्हणून सांगतोस, मेल्या?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, नॉर्वेतसुद्धा सगळीकडे तेल काढत नाहीत. लोफोटेन बेटांच्या समुद्रात कॉड मासा अंडी घालायला येतो, तिथे तेलाच्या उत्पादनाला आजवर परवानगी नाही, आणि त्यावरून तिथेही वर्षानुवर्षं भांडण आहे. "म्हणजे तिकडे मच्छीमाराचं ऐकतात," रफिक म्हणाला. ऐकतात, कारण तो तिथे राहतो आणि मतही तिथेच देतो. आमच्याकडे 'स्थानिकांचं मत' म्हणून जे मोजलं जातं, त्यात मुंबईच्या हॉलमधल्या मेळाव्यांचा वाटा किती असतो, हे एकदा कोणीतरी उघड बोलायला हवं.

पण मित्रांना माझ्याकडून रिफायनरीवर मत नको होतं. बाळाला गवताबद्दल बोलायचं होतं.

तो मला त्याच्या बागेत घेऊन गेला. बागेची वरची बाजू आमच्या वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीला लागून आहे आणि आमच्यानंतर सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार. आमच्याकडे कित्येक वर्षांत कोणी कोयता लावलेला नाही. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं होतं, माघात वाळून कुरकुरीत होतं, आणि कोणीतरी विडी टाकतो किंवा मुद्दाम काडी लावतो. यंदाचा वणवा सड्यावरून उतरला तो आमच्या जमिनीतून बाळाच्या कडेच्या कलमांपर्यंत. झाडं उभी होती. वरच्या अंगाची पानं तपकिरी होऊन फांदीलाच चिकटलेली, खोडाची साल त्या बाजूने फाटून आत काळी, आणि खालच्या अंगाला मात्र कैऱ्या धरलेल्या. बाळाने खोडावर नख ओढून दाखवलं. सालीखाली ओल नव्हती. असं झाड दोन-तीन वर्षं तग धरतं आणि मग एखाद्या पावसात कोसळतं, असं तो म्हणाला.

"बाहेरच्याने जमीन घेतली तर तो निदान गडी ठेवतो, गवत कापतो," तो म्हणाला. "तुम्ही विकत पण नाही आणि येत पण नाही. मग मी काय करू?"

रफिक लगेच उसळला. खाडीलगतची जमीन एका बाहेरच्याने घेतली, चिऱ्यांची भिंत घातली आणि जेटीकडे जाणारी पाणंदच बंद केली. आता होडीवर जायला वळसा पडतो. त्यामुळे बाहेरचा मालक बरा, असं मी म्हणणार नाही. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने न कसलेल्या जमिनीतून आणि किनाऱ्यावरून कोणालाही चालता येतं. मालकाला अडवता येत नाही. तो कायदा ऐकून रफिकने जी शिवी दिली ती कौतुकाची होती.

तिथला दुसरा एक कायदा मात्र मी सांगितला आणि बैठकच शांत झाली. नॉर्वेत शेताचा वारसा मिळाला की त्यासोबत काम मिळतं. कसलेली जमीन साडेतीन हेक्टरांहून जास्त असेल तर वारसाने वर्षभरात तिथे राहायला जायचं आणि पाच वर्षं राहायचं, नाही तर नगरपालिकेकडून सूट मागायची. शेत पडीक ठेवायचं नाही. स्वतः कसत नसाल तर शेजाऱ्याला निदान दहा वर्षांच्या कराराने द्यायचं. माझा एक सहकारी याच कारणाने दर आठवड्याला फेरीबोटीने वडिलांच्या शेतावरून कामाला येतो आणि बोटीत बसून कायद्याला शिव्या घालतो. दक्षिण किनाऱ्यावर क्रागेरो नावाचं गाव आहे, उन्हाळी पर्यटनाचं. तिथे घर घेतलं तर कोणीतरी बारमास त्यात राहिलं पाहिजे असा नियम आहे, म्हणजे हिवाळ्यात गाव काळोखात जाऊ नये. पळवाटा आहेतच. कागदोपत्री राहणारे आणि जुलैत उगवणारे तिथेही असतात.

"साडेतीन हेक्टर?" बाळा हसला. "आमच्यात गुंठ्याला तीन भावांची नावं." आणि मग त्याने जे सुनावलं ते माझ्या सगळ्या तुलनेपेक्षा वजनदार होतं. तिकडच्या शेतकऱ्याला सरकारचा भक्कम आधार असतो. इथे भुईमूग लावला तर माकडं खातात, भात लावलं तर डुक्कर लोळतो, आणि आंब्यावर फवारणीचा खर्च दरवर्षी चढतो. बागेच्या राखणीला गावचा माणूस मिळत नाही, नेपाळहून आलेलं कुटुंब राहतं. सक्ती करून वारसाला आणलं तरी तो खाणार काय?

आणि भाड्याने द्या म्हटलं तर कुळकायदा आडवा येतो. १९४८ च्या त्या कायद्याने दुसऱ्याची जमीन रीतसर कसणारा कूळ ठरू शकतो, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळांना मालकी मिळत गेली. ते व्हायलाच हवं होतं. गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांनी कोकणात कुळांचं जे केलं त्याविरुद्ध अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं संप चालवला, आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि खोती १९४९ च्या कायद्याने गेली. पण त्या न्यायाची भीती आजही दोन-चार गुंठेवाल्यांच्या मनात बसलेली आहे. शेजाऱ्याला नांगर घालू दिला तर उद्या 'इतर हक्कात' त्याचं नाव चढेल, त्यापेक्षा रान माजलेलं बरं. निम्मी वाडी याच हिशेबाने पडीक आहे. सुनंदा सांगते की निम्म्याहून जास्त घरांत चूल पेटत नाही, आणि जिथे पेटते तिथे बहुतेक साठीपुढची माणसं.

म्हणून माझं मत आता ग्रुपवरच्या मताशी जुळत नाही. न विकणं म्हणजे राखणं नव्हे. मला परदेशस्थ म्हणून भारतात शेतजमीन विकत घ्यायला मनाई आहे, पण वारशाने मिळालेली ठेवायला काहीच अट नाही. अट हवी. पाच वर्षं येऊन राहा असली नॉर्वेची अट इथे चालणार नाही, ते बाळाने दाखवून दिलं. पण शिमग्याआधी गवत काप, नाही तर ग्रामपंचायत कापेल आणि खर्च सातबाऱ्यावर बोजा म्हणून चढेल, एवढं तरी करता येईल. बंद घराला घरपट्टी दुप्पट लावा असंही मी म्हटलं. सुनंदा म्हणाली, "आधी एकपट तर भरा. थकबाकीच्या यादीत वरची नावं चाकरमान्यांचीच." आणि जमीन कसायला देणाऱ्याला मालकी जाणार नाही याची पक्की हमी हवी, दहा वर्षांच्या लेखी कराराची. हे मुंबईतल्या किंवा परदेशातल्या मतदारासाठी नाही, तिथे राहणाऱ्या बाळासाठी.

आमच्या सातबाऱ्यावर तिसेक नावं आहेत. काही वारलेल्यांची, काहींचे पत्ते कोणालाच ठाऊक नाहीत. जमीन बाळाला वापरायला द्यावी असं मी भावकीला कळवलं. पुण्यातली आत्या हो म्हणाली, ठाण्याचा चुलतभाऊ नाही म्हणाला. आजोबांची दोन खाचरं कुळाकडे गेली, हे तो लहानपणापासून ऐकत आलाय. "बाळा सरळ आहे, पण पुढचं कोणी सांगावं?" तो म्हणतो. बाळाचा मुलगा चाकणला कंपनीत आहे आणि त्याला आहे तीच बाग नको आहे, हे सांगूनही उपयोग झाला नाही. बाळाने सहीची वाट न बघता ठरवून टाकलंय: दिवाळीनंतर तो आमच्या जमिनीत दोन माणसं घालून वणवा अडवायला गवत कापून पट्टा काढणार, मजुरी मी पाठवायची. गड्याचा दिवसाचा दर त्याने सांगितला तेव्हा मी दचकलो. "मग, नॉर्वेहून येतोस कापायला?" तो म्हणाला.