केंटकीत जमीन घेताय? मग ऐका

साल 1779. इंग्रजांविरुद्धच्या लढाईने अमेरिकेतल्या व्हर्जिनिया सरकारची तिजोरी रिकामी झालीय आणि तुम्हाला ॲपलेशियन डोंगरांपलीकडे, याच सरकारच्या केंटकीत, जमीन हवीय. योग जुळून आलाय, मुहूर्त चुकवू नका.

1778 उजाडण्याआधी तिकडे जाऊन मक्याचं एखादं पीक काढलं असेल, तर 400 एकर जवळपास फुकटात तुमचे. पीक किती आलं, कोणी विचारत नाही. ते जमलं नसेल तर 100 एकरांना 40 पौंड भरून वॉरंट, म्हणजे जमिनीच्या हक्काची चिठ्ठी, घ्या. पौंड कागदी आहेत आणि रोज घसरतायत, म्हणजे कागद देऊन कागद घ्यायचा. जमीन कुठली, हे वॉरंटात नसतं; ती तुम्हीच शोधायची. आपल्याकडे जमीन आहे किती, हे आधी मोजून मग विकावी असं सरकारला सुचलेलं नाही. त्यालाही व्याप असतात.

जागा पसंत पडली की मोजणीदाराच्या वहीत नोंद करा. कायद्याला नेमकं वर्णन लागतं. तुम्ही ठोकून द्या: 'ओढ्याच्या काठच्या पांढऱ्या ओकपासून सुरू.' खोडावर कुऱ्हाडीने खाचा मारा, आणि त्या जंगलात पांढरे ओक किती, हे मोजत बसू नका. साखळी ओढायला दोन गडी घ्या. अंतर पोलात मोजतात. पोल साडेसोळा फुटांचा, दोन पोल म्हणजे आपल्या गुंठ्याची एक बाजू, तेव्हा परकं वाटायला नको. चिखलात उतरायचा कंटाळा आला, तर शेकोटीपाशी बसून आकडे भरा. 'इतके एकर, थोडे कमीजास्त' असं लिहायची सोय आहेच.

शॉनी हे आदिवासी लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार करतात, हे मनाला लावून घेऊ नका. 1768 मध्ये फोर्ट स्टॅनविक्स किल्ल्यावर इरोक्वा या दुसऱ्या आदिवासींनी हा मुलूख इंग्रजांना लिहून दिलाय. इरोक्वा स्वतः तिथे राहत नव्हते, त्यामुळे त्यांना तो सोडताना फारसं जड गेलं नाही. शॉनींना विचारायचं राहून गेलं, एवढंच.

पुढे कळेल की तुमच्याच जमिनीवर आणखी तिघांचे दावे आहेत, कौलांसारखे एकावर एक. डॅनियल बून यांचंच बघा. या मुलखाची वाट त्यांनी पाडली, मोजण्याही स्वतः केल्या, हजारो एकर नावावर लावायला घेतले. कच्च्या नोंदी आणि खटले यांत जवळजवळ सगळं गेलं, आणि 1799 साली ते मिसूरीला, स्पेनच्या अमलाखाली, राहायला गेले. जंगलातलं पान न्‌ पान ओळखणारा माणूस, पण वकील ओळखता आले नाहीत.

ओहायो नदीपलीकडे 1785 पासून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, भलतंच काढलंय: आधी मोजा, मग विका. सहा मैलांचे चौकोन, प्रत्येकात 640 एकरांचे 36 तुकडे. अशा शिस्तीत कोर्टकचेऱ्यांनी जगायचं कसं?

थॉमस लिंकन केंटकीतल्या जमिनीच्या भानगडींना विटून 1816 साली बिऱ्हाड घेऊन इंडियानात गेले. तुम्ही इतकी घाई करू नका. त्यांच्या अब्राहमसारखं पोराला आधी मोजणी आणि मग वकिली शिकू द्या. तो सनद घेऊन येईल, तेव्हाही तुमची तारीख पडलेलीच असेल.