अणुभट्टीची भीती वाटते? माडबनला राहायला या

अणुऊर्जेच्या भीतीनं झोप उडाली असेल, तर बाडबिस्तरा आवरा आणि राजापूर तालुक्यातलं माडबन गाठा. जैतापूर अणुवीज प्रकल्प तो इथलाच. प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, एकूण ९९००! आजवर एक थेंब गळती नाही. कागदावरच्या भट्टीतून गळून गळून काय गळणार, शाई?

जागा बघून घ्या. कातळसडा, म्हणजे खडकाळ पठार, पावसाळ्यात वर हिरवंगार गवत, आणि संपादित जमिनीला घातलेली लांबच लांब भिंत. डोळ्यांना दिसणारा प्रकल्प म्हणजे मुख्यतः ही भिंतच.

भट्टी अवचित उभी राहील ही धास्ती सोडा. याच जातीची भट्टी फ्रान्सनं स्वतःच्या अंगणात, फ्लामानव्हिलला, २००७ साली बांधायला घेतली. २०१२ला व्हायची ती ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४मध्ये, आणि ३.३ अब्ज युरोंचा खर्च १३ अब्जांवर गेला. २०१०मध्ये आपल्याशी करार करणारी फ्रेंच कंपनी अरेवा तर मध्येच बसली. तिचा भट्ट्यांचा धंदा ईडीएफ या फ्रेंच सरकारी वीज कंपनीनं घेतला. नवरदेव बदलला, मुहूर्त काही निघेना.

त्सुनामीचं विचाराल, तर सडा उंच आहे, हे उत्तर तयार आहे. तुम्ही मात्र घर बांधताना जनरेटर तळघरात ठेवू नका. २०११ साली फुकुशिमात भूकंपानं वीज गेली, भट्ट्या थंड ठेवायला डिझेल जनरेटर सुरू झाले आणि मग लाटेनं तेच बुडवले. भट्ट्या बंद होत्या, पण आतली उष्णता थोडीच बंद होते!

मुंबईकरांना हा सल्ला लागू नाही. तुमच्या तुर्भ्याला (ट्रॉम्बेला) ‘ध्रुव’ ही संशोधनाची अणुभट्टी १९८५पासून आहे, तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९पासून. लागते ना झोप? मग जैतापूरची काळजी खुशाल करा.

भविष्य सांगायचा धंदा काढणार असाल, तर गुरू अणुऊर्जेतलाच करा. देशात २०२०पर्यंत अणुविजेचे २०,००० मेगावॅट होणार होते, झाले ६७८०. आता वायदा १ लाखाचा, साल २०४७. आकडा हुकला की कमी करायचा नाही, पाचपट करायचा. आणि साल असं निवडायचं की तोवर सांगणाऱ्याचं पेन्शन सुरू झालेलं असेल.

माडबनात संध्याकाळी लाइट गेलीच, तर कंदील घेऊन भिंतीपर्यंत फेरी मारून या. पलीकडेच ९९०० मेगावॅट आहेत.