सनद नसलेल्यांनी कायदा शिकावाच कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

वकीलसाहेब, नमस्कार.

बौद्धिक संपदा कायद्याची (म्हणजे पेटंट, डिझाइन, ट्रेडमार्क वगैरेंच्या कायद्याची) पदव्युत्तर पदविका नोकरी सांभाळून, आपल्या सवडीने आणि परवडेल अशा फीमध्ये करता येते, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही बरंच सुनावलंत. तुमचे आक्षेप इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडते. घरबसल्या पुस्तकं वाचून कायदा येत नाही. वकिलीची सनद, म्हणजे परवाना, देणारी बार कौन्सिल दूरस्थ शिक्षण मानत नाही, तेव्हा हा कागद फार तर भिंतीवर लावण्यापुरता. अशी अर्धवट शिकलेली मंडळी लोकांना भलते सल्ले देतात आणि निस्तरायची वेळ आली की ते अशील तुमच्या ऑफिसात येऊन बसतात. शेवटी तुम्ही विचारलंय, "एवढीच हौस आहे तर सरळ एलएलबी करा ना."

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: मला वकील व्हायचं नाही. मी चाकणच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात काम करते. रोजच्या कामात ड्रॉइंग, पुरवठादारांशी गोपनीयतेचे करार, ग्राहक कंपनीची "हे डिझाइन आमच्या मालकीचं" अशी कलमं, हे सगळं येतंच. त्यावर सही करताना आपण कशावर सही करतोय ते कळावं, एवढ्यासाठी शिकले. तीन वर्षांची एलएलबी करायची तर सीईटी, कॉलेज आणि ७० टक्के हजेरी आली. (त्या हजेरीपटाच्या खोलात आपण दोघांनीही न गेलेलं बरं.) पदविकेची फी मी दिवाळीच्या बोनसमधून भरली आणि तरी फराळाला पैसे उरले.

आता बार कौन्सिलचा मुद्दा. तुम्ही म्हणता ते खरंच आहे आणि ते मी मूळ लेखातही लिहिलं होतं. दूरस्थ पद्धतीने एलएलबी करून सनद मिळत नाही. पण जी पदविका सनदेसाठी नाहीच, तिला सनदेच्या मापाने मोजून काय मिळणार? बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठापासून इग्नूपर्यंत अनेक संस्था अशा पदविका चालवतात. त्या डॉक्टर, इंजिनिअर, पत्रकार, बँकवाले, शिक्षक अशांसाठी आहेत. आपल्याकडे कामगार कायद्याची पदविका, म्हणजे आपलं ते डीएलएल अँड एलडब्ल्यू, वर्षानुवर्षं एचआरमधली माणसं करत आली आहेत. त्यांना कुणी "कोर्टात उभे राहून दाखवा" म्हटल्याचं ऐकलं नाही.

आणि राहवत नाही म्हणून सांगते. तीन वर्षं कॉलेजात घालवल्याशिवाय कायदा कळत नाही, ही कल्पना आपल्या मुंबई इलाख्यात तशी अलीकडची आहे. इंग्रजी अमदानीत हायकोर्ट वकील आणि डिस्ट्रिक्ट प्लीडर यांच्या परीक्षा असत आणि कायद्याची पदवी नसलेली माणसंही त्या परीक्षा देऊन वकील होत. त्या परीक्षांच्या तयारीसाठी १८९०च्या सुमारास खुद्द लोकमान्य टिळकांनी पुण्यात लॉ क्लास काढला होता. तालुक्याच्या कोर्टात ज्यांचा दरारा असे, अशा कितीतरी जुन्या वकिलांची तयारी याच वाटेने झाली. १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने, म्हणजे वकिलांविषयीच्या कायद्याने, या सगळ्या प्रकारच्या वकिलांचा एकच वर्ग केला, ते योग्यच झालं. पण म्हणून घरी बसून कायदा वाचणारा प्रत्येक माणूस भोंदू ठरत नाही.

तुमचा खरा वार "अर्धवट ज्ञान" या मुद्द्यावर आहे आणि त्यावर मला सविस्तर बोलायचं आहे.

अर्धवट ज्ञान पदविकेमुळे येत नाही, ते आधीच घरोघरी आहे. सोसायटीच्या ग्रुपवर "सुप्रीम कोर्टाचा ताजा निकाल" म्हणून रोज काहीतरी फिरतं. त्यात ना प्रकरणाचं नाव असतं, ना साल. माझ्या कारखान्यातली अर्धी मुलं समजतात की नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाता येत नाही, कारण नेमणूकपत्रात तसं लिहिलंय. उरलेली अर्धी समजतात की सोडताना ड्रॉइंगची फाइल पेन ड्राइव्हवर नेली तरी कोण काय करणार. दोन्ही समज घातक.

पदविकेत परवाना करारांचा भाग आला, तिथून मी १८७२च्या करार कायद्यापर्यंत गेले आणि कलम २७ वाचलं. व्यवसाय करण्यावर बंधन घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. मग निकाल वाचले. त्यात आपल्या श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान भेटला! २००६च्या परसेप्ट डी'मार्क विरुद्ध झहीर खान या प्रकरणात, त्याच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या कंपनीची, करार संपल्यानंतरही "दुसऱ्याकडे जाण्याआधी आम्हालाच विचार" असं बांधून ठेवणारी अट सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. हे वाचल्यावर मुलांना मी काय सांगितलं? "खुशाल जा" असं नाही सांगितलं. नोकरीनंतरची बंदी आणि गोपनीय माहिती जपण्याची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी नोकरी सुटली म्हणून सुटत नाही, आणि पत्र हातात घेऊन वकिलाला भेटा, असं सांगितलं. पदविकेआधी मीही ग्रुपवरचा मेसेज पुढे ढकलून मोकळी झाले असते.

नीट शिकलं की आधी भीती शिकायला मिळते, वकीलसाहेब. कलम वाचून थांबायचं नाही, खाली परंतुक, म्हणजे "परंतु" म्हणून जोडलेला अपवाद, आहे का बघायचं, मग स्पष्टीकरण, मग नियम, मग दुरुस्ती कधी झाली. पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये कशाकशाला पेटंट मिळत नाही त्याची यादी आहे. त्यातल्या (घ) या एका उपकलमावर नोव्हार्टिस या औषध कंपनीचा कर्करोगावरच्या औषधाचा दावा २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात पडला. एवढ्याशा मजकुरावर एवढं मोठं प्रकरण उभं राहतं, हे एकदा पाहिलं की माणूस चहाच्या टपरीवर सल्ले वाटताना दहादा विचार करतो.

माझ्या क्षेत्राशी जवळचं म्हणजे बजाज विरुद्ध टीव्हीएस, दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाच्या पेटंटचा वाद. बजाजच्या आकुर्डीत अजूनही त्यावर पैजा लागतात. २००७ साली तो मद्रास उच्च न्यायालयात गेला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असे दावे रोजच्या रोज चालवून साधारण चार महिन्यांत निकाल द्यावा. वाद तडजोडीने मिटायला २०१९ उजाडलं. तुम्ही हसला असाल. मीही पुस्तकात वाचताना हसलेच होते, पण आमच्या कंपनीत "कोर्टात खेचू त्यांना" असं कुणी बैठकीत म्हटलं की आता मला हेच आठवतं.

तुमच्या बाजूने बोलण्यासारखंही बरंच आहे आणि ते तुम्ही लिहिलंच नाहीत. सवडीने शिकण्यातली सवड हीच मोठी अडचण असते. कुणी विचारत नाही, कुणी रागावत नाही, पुस्तकं कपाटात जातात. स्वाध्याय हाताने लिहायचे म्हटलं की शनिवार-रविवार गेलाच, आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी साखरपुडा असतो. किमान एक वर्षाचा अभ्यासक्रम अनेकांचा तीन वर्षं रेंगाळतो, काहींचा संपतच नाही. परवडणारी फी आहे म्हणून नाव घालणाऱ्यांना मी तरी सांगेन की आठवड्यातले निश्चित तास देता येत नसतील तर ते पैसे वाचवा.

दुसरी अडचण छापील पुस्तकांची. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ साली बरखास्त झालं आणि त्याचं काम उच्च न्यायालयांकडे गेलं. माझ्या हातात आलेल्या पुस्तकात ते मंडळ चेन्नईत व्यवस्थित कामकाज करत होतं. फौजदारी कायद्याची पदविका करणाऱ्यांचं तर १ जुलै २०२४ नंतर विचारूच नका, दंड संहितेची पाठ केलेली कलमं एका दिवसात जुनी झाली. म्हणून पुस्तकाशेजारी ताजा बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, उघडा ठेवावा लागतो. दुरुस्त्या त्यात पेन्सिलने लिहून ठेवायची सवय मला त्यामुळेच लागली.

तिसरी गोष्ट, "सहा महिन्यांत कायदेशीर सल्लागार बना" अशा जाहिराती. त्यांच्याबद्दल तुम्ही वापरलेले शब्द मला सौम्य वाटतात. वकिली फक्त नोंदणीकृत वकिलांनीच करायची, असं सांगणारं अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं कलम ३३ आहेच. शिवाय २०१८च्या ए. के. बालाजी निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की वकिली म्हणजे फक्त कोर्टात उभं राहणं नव्हे, मत देणं, करारांचे मसुदे करणं हेही वकिलीतच येतं. तेव्हा पदविकेच्या जोरावर पाटी लावून फी घेणाऱ्याला कायद्याचा आधार नाही. हा निकाल मला त्याच पदविकेमुळे वाचावा लागला, हेही नोंदवून ठेवते.

मात्र वकील नसलेल्या माणसाला कायद्याच्या दारात जागाच नाही, हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. ग्राहक आयोगात तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. मुंबईतूनच गेलेल्या एका प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने वकील नसलेल्या अधिकृत प्रतिनिधीलाही तिथे उभं राहू दिलं, मात्र त्याचा कुणी धंदा करू नये म्हणून नियम करायलाही सांगितलं. कौटुंबिक न्यायालयात वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. आणि माझ्या विषयात तर पेटंट एजंट, म्हणजे दुसऱ्यांसाठी पेटंटचे अर्ज करणारा, होण्यासाठी एलएलबी लागत नाही. विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा लागते. ती मी अजून दिलेली नाही, त्यामुळे मी पेटंट एजंटही नाही.

तुम्ही विचारलंत की मी लोकांना नोटिसा लिहून देते का. नाही देत. भोसरीतले एक लघुउद्योजक मागे माझ्याकडे आले होते. स्वतः बनवलेली फिक्श्चरची (यंत्रावर काम करताना सुटा भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनाची) नवी रचना त्यांनी एका औद्योगिक प्रदर्शनात मांडली होती आणि आता पेटंट घ्यायचं म्हणत होते. अर्ज करण्याआधी जगाला दाखवलं की पेटंटसाठी लागणारं नावीन्य धोक्यात येतं. प्रदर्शनासाठी पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनालाच. त्यांचं प्रदर्शन अधिसूचित होतं की नव्हतं ते मी ठरवलं नाही. मी विचारलं, प्रदर्शनाची तारीख काय, पत्रक छापलं होतं का, कुणाला नमुना विकला का, आणि ही उत्तरं एका कागदावर लिहून घ्यायला लावली. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी असते, ती उघडून दाखवली. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००, हेही सांगितलं, कारण कुणीतरी त्यांना "सरकारलाच लाखभर भरावे लागतात" असं सांगून ठेवलं होतं. तो कागद घेऊन ते दुसऱ्या दिवशी एजंटकडे गेले.