आधी बटणाची फाईल घ्या

बारावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, आता कॉलेजात नाव टाकायचं म्हणता? टाका, बाप्पा. फक्त बी.ए. करावं की बी.एस्सी., या चर्चेत पानठेल्यावर आठवडा घालवू नका. तो प्रश्न किरकोळ आहे. आधी तालुक्याला जा आणि स्टेशनरीच्या दुकानातून फुलस्केप मापाची, आरपार दिसणारी, बटणाची फाईल घ्या. दोन घ्या. एक मूळ कागदांची, दुसरी झेरॉक्सची. प्रवेश ऐन पावसाळ्यात होतात आणि एसटीचं छत नेमकं आपल्याच सीटवर गळतं, म्हणून खताच्या पोत्याच्या आतलं प्लास्टिक कापून दोन्हींना गुंडाळा. पदवी हाती येईपर्यंत पुस्तक एकदाही उघडलं नाही तरी निभून जातं. फाईल उघडावीच लागते.

फाईल भरण्याला क्रम आहे. जातीच्या दाखल्याशिवाय पडताळणी नाही, उत्पन्नाशिवाय नॉन-क्रिमीलेयर नाही आणि तलाठ्याच्या अहवालाशिवाय उत्पन्न नाही. सोयाबीन विकून हाती काय उरलं ते बापाला विचारत बसू नका. तलाठ्याने लिहिलं तेवढंच बापाचं उत्पन्न. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. सापडण्याच्या वेळा जुन्याच आहेत.) उत्पन्नाचा दाखला साधारण 31 मार्चला मरतो, त्यामुळे गर्दी नको म्हणून फेब्रुवारीतच काढून ठेवणारा हुशार पोरगा जूनमध्ये पुन्हा त्याच रांगेत सर्वांत मागे उभा असतो. मध्ये वर्ष वाया गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र लागतं. त्या वर्षी मी कुठेही शिकत नव्हतो, हे सरकारला प्रतिज्ञेवर सांगायचं. शिकत होतो हे कुणीच विचारत नाही.

मग नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी. एका कागदावर 'प्रविण', दुसऱ्यावर 'प्रवीण'. मराठीचे सर वर्गात ऱ्हस्व-दीर्घ शिकवत होते तेव्हा तुम्ही खिडकीतून बाहेर पाहत होता. आता ऑनलाईन अर्ज तोच धडा घेतो आणि नापास करतो. दुरुस्ती करायची तर आधार दहावीच्या कागदाप्रमाणे करून घ्या, उलटं करायला जाऊ नका. बोर्डाचा कागद बदलायला निघालेला माणूस लवकर परत आलेला ऐकिवात नाही. आणि आधारला जोडलेलं सिम रिचार्ज न करता मरू देऊ नका. ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि तो नंबर तोवर दुसऱ्या कुणाला मिळालेला असतो.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा. पासबुकाचं पहिलं पान अपलोड केलं की पैसे त्या खात्यात येतील, असा एक भोळा समज आहे. पैसे येतात आधारला शेवटी जे खातं जोडलं गेलं त्यात. ते बहुधा गावात कॅम्प आला होता तेव्हा अंगठा लावून उघडलेलं, पासबुक नसलेलं, कोणत्या बँकेचं हे घरात कुणालाच न आठवणारं खातं असतं. म्हणून अर्जाआधी बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरा आणि ते खरंच झालं का ते बघून या. खिडकीवरचा माणूस म्हणेल, "लिंक नाही हाये, उद्या ये." जा. लिंक येईपर्यंत जात राहा. प्रॅक्टिकल म्हणतात ते हेच.

आता मुख्य विषय. इतिहास घेतला नसला तरी इतिहासातलं संशोधन सर्वांनाच करावं लागतं, त्याला जात पडताळणी म्हणतात. ओबीसी असाल तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 आणि जमातीला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा. त्या काळात आपला विदर्भ आधी मध्य प्रांत-वऱ्हाडात, मग मध्य प्रदेशात, 1956 नंतर मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात. आजोबा एकाच ओसरीवर बसून चार राज्यांत राहिले. त्यांचा कागद कोणत्या राज्यात राहून गेला ते तुम्ही शोधायचं.

कुठे शोधायचं? जिल्हा परिषद शाळेत दाखल-खारीज नोंदवही मागा, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकाची (म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची) आणि अधिकार अभिलेखाची नक्कल मागा. वाळवीने सोडलेल्या पानावर पणजोबाचं नाव असलं तर जात पुसट असते आणि जात ठळक असली तर नाव भलत्याचं असतं. नोंद मोडी लिपीत निघाली तर वाचणारा मिळेपर्यंत अर्जही मोडीत निघतो. यावर एक रामबाण उपाय आहे: काका, आत्या किंवा सख्ख्या चुलतभावाची जात-वैधता आधी झालेली असेल तर तिची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा, काम पुष्कळ हलकं होतं. आईकडच्या नातलगांची वैधता चालत नाही. म्हणजे मामाने कितीही लाड केले तरी कामाला येणार काकाच, आणि काकाशी तर बांधावरून बोलणं बंद. तेव्हा धुरा कोणाचा हा वाद जूनच्या आत मिटवा. नांगराचे दोन तास मागे सरका. वैधता मिळाल्यावर पुढच्या पेरणीला परत पुढे सरकता येतं.

इतकं झालं की शिक्षण सुरू.

एसटीचा पास काढा; कॉलेजचं बोनाफाईड नेलं की एक तृतीयांश भाड्यात महिना भागतो. 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे, म्हणून त्या आनंदात काही मुली पास काढतच नाहीत. एक तृतीयांश हे अर्ध्यापेक्षा कमी असतं एवढं अंकगणित बारावीपर्यंत व्हायला हरकत नव्हती. हजेरी 75 टक्के लागते, पण सकाळी मुक्कामी गाडी निघते ती पहिल्या तासाच्या दीड तास आधी पोचवते आणि दुसरी पोचते ती तिसऱ्या तासाला. संध्याकाळी पाचची चुकली तर पुढची उद्या. त्यामुळे खेड्यावरच्या मुलींचं प्रॅक्टिकल चारलाच संपतं, रसायन उकळो न उकळो.

नव्या शैक्षणिक धोरणात विषय निवडायचं स्वातंत्र्य मिळालं आहे. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस. हे डेपोच्या गाड्यांचे कोड नव्हेत, तुमच्या आवडीनिवडी आहेत. निवडीची पद्धत सोपी. तासिका तत्त्वावरचे जे सर त्या वर्षी मिळाले, त्यांचा विषय तुम्हाला लहानपणापासून आवडतो. ऑन जॉब ट्रेनिंगला चार क्रेडिट म्हणजे 120 तास. ते गावातल्या कृषी केंद्रात बियाण्यांच्या पिशव्या उचलून पूर्ण करा, शिक्का मात्र गोल हवा, चौकोनी चालत नाही म्हणून फाईल परत येते. पहिल्या वर्षानंतर सोडलं तर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा. आधी याला 'पोट्ट्यानं कॉलेज सोडलं' म्हणत, आता एक्झिट म्हणतात. पण त्यालाही चार क्रेडिट जादा लागतात. सोडून जायलाही अर्ज आहे.

परीक्षा दोन, हिवाळी आणि उन्हाळी. नावं उगाच ठेवलेली नाहीत. हिवाळी येते कापसाच्या वेचणीत, जेव्हा घरी एकेक हात मोजला जातो. उन्हाळी येते पारा 45 ला टेकला की, आणि दुपारच्या पेपरला पंखा असतो पण वीज नसते. कोरा रुमाल ओला करून डोक्याला बांधा, त्यावर काही लिहिलेलं नसावं. निकालात 'विथहेल्ड' दिसलं तर घाबरू नका, नापास झाला नाहीत. कुठला तरी कागद कुठे तरी पोचलेला नाही, इतकंच. पुनर्मूल्यांकन मागितलं तर त्याच पेपरचा बॅकलॉग फॉर्मही भरून ठेवा, कारण पुनर्मूल्यांकनाचा निकाल पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची तारीख उलटल्यावर येण्याची शक्यता दांडगी. दोन्हीकडे पैसे भरा. पास झालात तर एकीकडचे वाया, नापास झालात तर दुसरीकडचे.

यानंतर करिअरच्या संधी, त्या भरपूर आहेत.

पहिली, पोलीस भरती. पुरुषांना उंची 165 सेंटिमीटर, छाती 79 आणि फुगवून पाच वाढली पाहिजे. मैदान 50 गुणांचं: 1600 मीटरला 20, शंभर मीटरला 15, गोळ्याला 15. पैकीच्या पैकी हवे तर 1600 मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत. मैदान नसल्यामुळे सराव डांबरी रस्त्यावर करायचा; त्याने महिनाभरात पायाची नळी दुखायला लागते आणि त्यावर उपाय म्हणून सगळे पुन्हा डांबरी रस्त्यावरच, फक्त महागडे बूट घालून, पळतात. शेताच्या पांदणीवर पळालं तर नळी वाचते, पण पांदणीवर तुम्हाला कोण बघणार? गोळा 7 किलो 260 ग्रॅमचा. लोखंडी गोळा महाग, म्हणून नाल्यातला दगड किराण्याच्या काट्यावर मोजून घ्यायची पद्धत आहे. वजन तंतोतंत भरतं, आकार भरत नाही. दगड तळहातात बसतो आणि भरतीच्या दिवशी गोळा बोटांवरून घसरतो. पहाटे चारला उठून रानडुकराच्या पुढे धावलात तर वेळ आपोआप सुधारते. हे सगळं जमलं की लेखी परीक्षा असते, हे साधारण मैदान झाल्यावर आठवतं.

दुसरी, अभ्यासिका. महिन्याचे पैसे भरा, टेबलावर नावाची चिठ्ठी चिकटवा आणि भिंतीवर दिवा असलेल्या गाडीचं चित्र लावा. 2023 च्या तलाठी भरतीला 4,644 जागा निघाल्या, शुल्क खुल्या गटाला 1,000 आणि राखीवला 900 रुपये आणि अर्ज आले दहा लाखांवर. गुणाकार स्वतः करा, परीक्षेत येऊ शकतो.

तिसरी, रोजगार मेळावा. मंडप, हार, भाषण, आणि शेवटी पुण्याकडच्या कारखान्यात ट्रेनी. पगारातून खोली, मेस आणि गाडीभाडं वजा करून जे उरतं ते दिवाळीला यायच्या तिकिटात बसतं.

चौथी 2024 ची, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण. पदवीधराला महिन्याला दहा हजार, बारावीवाल्याला सहा. आधी मुदत सहा महिने होती, पुढे पाच वाढली. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीची किंमत चार हजार, आणि तीही अकरा महिनेच. एम.ए., नेट, पीएच.डी. असा लांबचा मार्ग धरणाऱ्यांसाठी पाचवी संधी आहे: ज्या वर्गात शिकलात त्याच वर्गात तासिका तत्त्वावर उभं राहणं. आता तुम्ही त्या वर्षी मिळालेले सर.

पण खरी नोकरी तुम्ही शिकून चुकला आहात, फक्त कुणी सांगितलं नाही. कोणता दाखला कशावर अडतो, ओटीपी कुठे जातो, नक्कल कोणत्या खिडकीवर मिळते, हे सारं या पदवीनेच तर शिकवलं. तेव्हा कॉलेजच्या फाटकासमोर गाळा बघा. एक संगणक, टाकीवाला प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, लॅमिनेशन, इन्व्हर्टर, वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिमं आणि फोटोसाठी पांढरा पडदा. बँकेच्या परीक्षांना फोटो 20 ते 50 केबी आणि सही 10 ते 20 केबीत बसवून द्यावी लागते. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने घ्या, नाहीतर पोरगं निळं पेन काढतं. आर.ओ.चं थंड पाणी ठेवा, बाप सोबत येतो. 'सर्व्हर डाऊन आहे' ही पाटी पहिल्याच दिवशी छापून लॅमिनेट करा, हाताने लिहिलेली पावसात विरघळते. आणि बटणाच्या फायली काउंटरवर समोर मांडा. जूनमध्ये कुणी एक मागितली तर दोन द्या. वरून खताच्या पोत्याचं प्लास्टिक फुकट.