कमी रनिंगची भुरळ आणि सायलेन्सरचा आवाज : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुनी इटालियन स्पोर्ट्स बाइक कशी निवडावी आणि तिच्यावर खर्च कोणत्या क्रमाने करावा, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलीच झोड उठवली आहे. प्रतिक्रिया लांब आहे, तेव्हा उत्तरही लांबणार. बाकीच्यांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. कमी धावलेली गाडी सोडून जास्त धावलेली घ्या, हा सल्ला उफराटा आहे. सायलेन्सर आणि चिप (इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणारी) शेवटी ठेवायची म्हणजे गाडीतली मजाच काढून घ्यायची. ॲप्रिलियाच्या मिले या गाडीला, म्हणजे तुमच्या शब्दांत 'गरिबाच्या डुकाटी'ला, मी उगाच डोक्यावर घेतलं. आणि एकूणच, 'अशी गाडी मनाने घ्यायची असते, जमाखर्चाची वही घेऊन नाही.' एवढं सुनावून शेवटी स्वतःच्या डुकाटी ९९६ बद्दल सल्लाही मागितलात, त्यामुळे राग फार खोल नसावा असं धरून चालतो.

रनिंगचा मुद्दा आधी घेतो, कारण पैसे बुडतात ते इथेच. तुम्ही म्हणता, वीस-बावीस वर्षांत जेमतेम ६,००० किलोमीटर धावलेली गाडी म्हणजे नवीच. मी म्हणतो, ती बहुतेक वेळा उभ्या उभ्या म्हातारी झालेली असते. ९१६ पासून ११९८ पर्यंतच्या डुकाटी सुपरबाइकचे व्हॉल्व्ह हलवणारे कॅमशाफ्ट रबरी टायमिंग बेल्टवर फिरतात. हा बेल्ट धावून झिजतो तसा नुसत्या वर्षांनीही निकामी होतो. म्हणूनच सर्व्हिसच्या तक्त्यात किलोमीटरच्या जोडीला दोन वर्षांची मुदत असते, जे आधी भरेल ते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की बेल्ट पुल्यांभोवती एकाच जागी वाकून बसतो. तो तुटला किंवा दात सोडून सरकला, की उघडा व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन यांची गाठ पडलीच म्हणून समजा. त्यानंतर ६,००० चा आकडा कोणाला दाखवणार?

विकणाऱ्याची हरकत नसेल तर बाजूचं फेअरिंग, म्हणजे बाहेरचं आवरण, उतरवून बेल्टवरची प्लास्टिकची कव्हरं काढायला सांगा. बेल्ट बोटांत धरून किंचित पिळा आणि दातांच्या मुळाशी बघा. बारीक तडे दिसतात का, कडेचे धागे सुटलेत का, पाठीवर काचेसारखी चकाकी आली आहे का? यातलं काहीही दिसलं तर गाडी तिथे चालूसुद्धा करायची नाही. खरं तर काहीच दिसलं नाही तरी बदलल्याची पावती नसलेला बेल्ट मी बदललेला धरतच नाही. 'मागच्याच वर्षी बदललेत' हे वाक्य प्रत्येक विकणाऱ्याला तोंडपाठ असतं.

आता दुसरी गाडी घ्या. ३५,००० धावलेली, पण सोबत जाडजूड फाइल आहे. त्या फाइलमध्ये मी काय शोधतो ते मूळ लेखात नीट आलं नव्हतं, इथे सांगतो. बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह बंद करण्याचं काम स्प्रिंग करते. डुकाटीच्या डेस्मो रचनेत त्यासाठी वेगळा रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारा छोटा दांडा, असतो. फाबिओ तालियोनी यांनी ही रचना १९५६ मध्ये डुकाटीच्या १२५ सीसी रेसिंग मोटारसायकलवर आणली आणि कंपनी ती आजही आपल्या काही इंजिनांत वापरते. मालकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की प्रत्येक व्हॉल्व्हला दोन फटी मोजायच्या, एक उघडणाऱ्या बाजूची, एक बंद करणाऱ्या बाजूची. दोन सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, सोळा मापं. चांगला मेकॅनिक कागदावर नुसतं 'व्हॉल्व्ह चेक केले' असं खरडत नाही, आकडे लिहून देतो. ही सोळा मापं दोन-तीन सर्व्हिसना ओळीने सापडली, की इंजिनाची जन्मपत्रिका हाती आली. एखाद्याच व्हॉल्व्हची फट दरवेळी भराभर बदलत असेल, तर तिथला रॉकर तपासायचा. ९१६ ते ९९६ च्या काळातल्या इंजिनांत रॉकरच्या घासणाऱ्या बाजूवरचं क्रोम पापुद्र्यासारखं सुटण्याचा रोग जगजाहीर आहे, आणि तो मीटरवरच्या आकड्यात दिसत नाही. ऑइल काढताना चुंबकाच्या प्लगला आणि जाळीला काय चिकटलंय, तिथे दिसतो.

शिवाय तो आकडा तरी किती खरा? ९१६ च्या घराण्यात मीटरची तार पुढच्या चाकाकडून येते. तार सोडून ठेवली की गाडी धावते, आकडा मात्र जागचा हलत नाही. असं सगळेच करतात असं नाही, पण पायाच्या खुंट्या गुळगुळीत झालेल्या, डिस्क कडेला धार येईपर्यंत झिजलेल्या आणि मीटरवर ६,०००, हा मेळ बसत नाही एवढं तरी दिसायला हवं.

मल्टिमीटर खिशात असू द्या. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर हवी आणि चार-पाच हजार आरपीएमला साधारण १३.८ ते १४.४. ऑइलशिवाय चालणाऱ्या ड्राय क्लचच्या खडखडाटाला मात्र घाबरू नका. लिव्हर दाबल्यावर तो वाढतो, तो त्याचा स्वभावच आहे. क्लचच्या प्लेटा धरणाऱ्या बास्केटच्या खाचांत प्लेटांनी खळगे पाडलेत का, ते बघा.

मिलेला डोक्यावर घेतलं हे खरं, आणि उतरवण्याचा विचार नाही. १९९८ मध्ये आलेल्या त्या गाडीचं ९९८ सीसीचं ६० अंशी व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचं इंजिन, ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सने बनवलं. त्यात टायमिंग बेल्ट नाही, डेस्मो नाही, आणि दणकट म्हणून त्याचं नाव आहे. तिचे रोगही सांगतो : चार्जिंगचा तपकिरी कनेक्टर तापून वितळतो, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर पाझरतो, मागचा ब्रेक नावापुरता. यातलं काहीच इंजिनाच्या जिवावर बेतणारं नाही. 'गरिबाची' म्हणायचं तर म्हणा. बेल्टशिवायची डुकाटीच हवी असेल तर २०१२ च्या ११९९ पानिगालेपासून पुढे बघा. तिथे बेल्टच्या जागी चेन आणि गिअर आले आणि व्हॉल्व्ह तपासणी २४,००० किलोमीटरवर गेली.

आता सायलेन्सर. तुमच्या बोलण्यात तथ्य आहे, पण तुम्ही दिलेलं कारण मला पटत नाही. ९१६ पासून ९९८ पर्यंत दोन्ही सायलेन्सर सीटखाली, शेपटीत बसवलेले आहेत, म्हणजे गाडीच्या सगळ्यात उंच आणि मागच्या भागात वजन. तिथे हलके कार्बन किंवा टायटॅनियमचे बसवले की गाडी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झोपवताना फरक हाताला जाणवतो. हे मला मान्य. आवाजही आवडतो, उगाच साधूचा आव आणत नाही. पण तुम्ही लिहिलंत की 'पाइप बदलला की ताकद आपोआप वाढते', तिथे अडलो. मोकळा सायलेन्सर आणि मूळ चिप अशी जोडी राहिली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. मग स्थिर वेगात इंजिन आचके देतं, थ्रॉटल सोडला की फटाके वाजतात, आणि मालक त्यालाच रेसिंगचा आवाज समजतो. त्या पाइपला जुळणारी चिप हवी, आणि चिपच्याही आधी थ्रॉटल बॉडीचा समतोल आणि थ्रॉटल सेन्सरचा शून्य नीट लावलेला हवा. ९९६ वर हे शेवटचं काम एका कुशल माणसाचं अर्ध्या दिवसाचं. ते केल्यावर गाडी खालच्या आरपीएमला इतकी सुधारते, की अनेकांचा पाइपचा हट्ट तिथेच विरतो.

सस्पेन्शन आधी, असं मी लिहिलं ते याच हिशेबाने. वीस वर्षांच्या गाडीच्या फोर्कमधलं ऑइल बहुधा एकदा तरी बदललेलं असतं, मागच्या शॉकमधलं जवळजवळ कधीच नाही. मालक हजारो रुपयांचे चकचकीत लिव्हर लावतो आणि खड्ड्यावरून गाडी लाकडी झोपाळ्यासारखी उसळत जाते. नवीन शॉक लगेच घ्या असं मी म्हटलेलं नाही. फोर्कच्या चकचकीत नळीला एक झिप टाय बांधा, चाक अधांतरी असताना सीलला टेकेपर्यंत सरकवा, मग तुमच्या नेहमीच्या जॅकेट-हेल्मेटसकट गाडीवर बसा, दुसऱ्याने गाडी सरळ धरायला हवी. अलगद उतरून झिप टाय मूळ जागेपासून किती सरकला ते मोजा. ३० ते ४० मिलिमीटरच्या आसपास असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाची आहे. आकडा ५० च्या पुढे गेला आणि प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) संपेपर्यंत आवळूनही खाली येईना, तर स्प्रिंग बदला. फोर्कच्या स्प्रिंगा, ताजं ऑइल, नवी सीलं आणि मागचा शॉक उघडून पुन्हा भरून घेणं, एवढ्यात गाडी ओळखू येत नाही. महागडं सोनेरी सस्पेन्शन त्यानंतर, हौस उरली तर.

टायरचंही तसंच. तुमच्या ९९६ च्या साडेपाच इंची मागच्या रिमवर १९०/५० टायर येतो, दिसतो रुबाबदार, पण गाडी वळायला आळस करते. त्याच रिमवर १८०/५५ छान बसतो. गणित सोपं आहे, पहिला आकडा रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंची : १९० चे ५० टक्के म्हणजे ९५ मिलिमीटर, १८० चे ५५ टक्के म्हणजे ९९. मागची बाजू साधारण चार मिलिमीटरने उचलली जाते आणि टायरचा आकारही जास्त गोल असतो. जुन्या गाडीवर नक्षी भरपूर उरलेला टायर दिसला तर बाजूचा चार आकडी कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी असून रबर दगड झालेला टायर कमी रनिंगच्या गाड्यांवरच जास्त सापडतो, हेही जाता जाता.

ब्रेकवर फार बोलत नाही. कॅलिपरचे पिस्टन साफ करा, फ्लुइड बदला, जुने रबरी पाइप काढून स्टीलच्या जाळीचे टाका. मास्टर सिलिंडर बदलण्याची गोष्ट त्यानंतर.

राहिला मनाचा मुद्दा. मास्सिमो ताम्बुरिनी यांनी ९१६ घडवली, पुढे एमव्ही अगुस्ता एफ४ ही त्यांचीच. त्या गाड्यांकडे बघताना वही आठवत नाही, हे मला सांगायला नको. पण गाडी आवडणं आणि तीच एक गाडी, तोच एक चासी नंबर घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी मन पुरेसं आहे, दुसरीसाठी मी वही घेऊनच जाणार.

आता तुमचा प्रश्न. ९९६ ला पुढे १५ आणि मागे ३६ दात आहेत, हळू चालवताना क्लच सारखा अर्धा दाबून ठेवावा लागतो, पुढे १४ लावू का? खुशाल लावा. गिअरिंग साधारण पावणेसात टक्क्यांनी खाली येईल, मागे अडीच दात वाढवल्यासारखं, आणि ड्राय क्लचचा जाच कमी होईल. मीटर पुढच्या चाकावर असल्याने वेग चुकीचा दिसणार नाही. चेन जुनी असेल तर दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकदमच बदला. एक खबरदारी मात्र घ्या. लहान स्प्रॉकेटमुळे चेन सैल पडेल, ती ताणायला मागचं गोल हब फिरवावं लागेल, आणि ते फिरलं की चाक नुसतं मागे जात नाही, मागची उंचीही बदलते. म्हणून काम सुरू करण्याआधी एक्सलपासून शेपटीपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा आणि नंतर शॉकच्या लिंकेजमधल्या दांडीने ते पूर्ववत करा. हबला आवळून धरणारे पिंच बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा, जोर लावून नाही. स्विंगआर्मवरचा चेनचा रबरी सरकपट्टा झिजला असेल तर तोही त्याच वेळी बदला, कारण लहान स्प्रॉकेटमुळे चेन त्याच्या जास्त जवळून जाते. मागचं चाक निघालेलं असेलच, तेव्हा हबची बेअरिंगंही हाताने फिरवून बघा. खरखर लागली तर त्याच दिवशी उरकून टाका.