कोचिंग बाधू नये म्हणून

बढती झाली, काचेची खोली मिळाली, आणि पंधरवड्याच्या आत एचआरच्या मॅडमचा मेल आला: कंपनी तुमच्यासाठी लीडरशिप कोच, म्हणजे प्रश्न विचारून साहेबाला स्वतःचं वागणं तपासायला लावणारा माणूस, नेमते आहे. सहा महिने, दर पंधरा दिवसांनी एक तास, फक्त तुम्ही आणि तो. अभिनंदन! पण हुरळून जाऊ नका. लोणावळ्याच्या रिसॉर्टवर चाळीस जणांसोबत लीडरशिपचं ट्रेनिंग झालं, तेव्हा मागच्या रांगेत बसून तुम्ही मेल उरकलेत, भज्यांना न्याय दिलात, ग्रुप फोटो काढलात आणि गेलात तसेच परत आलात. त्या ट्रेनिंगने आजवर कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. इथे मात्र मागची रांगच नाही. बेसावध राहिलात तर तुमच्यात बदल होण्याची दाट शक्यता आहे. इतकी वर्षं खपून कमावलेला स्वभाव सहा महिन्यांत हातचा जायचा.

ही भीती उगाच घालत नाही. एरिक श्मिट गूगलचा सीईओ झाला, तेव्हा त्यालाही कोच घेण्याचा सल्ला मिळाला होता. त्याला तो झोंबला. एवढा अनुभवी सीईओ मी, मला कशाला हवा कोच, माझं काही चुकतंय का, हा अगदी तुमच्या-माझ्या मनातला प्रश्न त्यालाही पडला. कोच कोण, तर बिल कॅम्पबेल. हा गृहस्थ आधी कोलंबिया विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा प्रशिक्षक होता. १९७४ ते १९७९ या काळात त्याच्या हाताखाली संघ १२ सामने जिंकला आणि ४१ हरला. अशा माणसाला हसण्यावारी नेणं किती सोपं होतं! पण श्मिट गाफील राहिला. पुढे २००९ मध्ये त्याने जाहीर मुलाखतीत सांगून टाकलं की, आयुष्यात मिळालेला सर्वोत्तम सल्ला म्हणजे कोच घे. चांगला माणूस होता, वाया गेला.

तेव्हा कोच निवडतानाच काळजी घ्या. एचआर दोन-तीन नावं देते आणि प्रत्येकाशी अर्धा तास ओळखीच्या गप्पा घडवून आणते. त्यात जो तुम्हाला मध्येच थांबवून ‘म्हणजे नेमकं काय?’ असं विचारेल, त्याच्यावर तिथेच काट मारा. ज्याच्या गाठीशी काही शे तासांचा अनुभव आणि इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं प्रमाणपत्र आहे, त्याच्यापासूनही जपून. या संस्थेचं सगळ्यात वरचं प्रमाणपत्र मिळवायला २५०० तास कोचिंग केलेलं असावं लागतं. एवढे तास साहेब लोकांची कारणं ऐकलेल्या माणसाला तुम्ही कोणतं नवं कारण सांगणार? सुदैवाने आपल्याकडे रिक्षा चालवायला बॅज लागतो, कोच व्हायला काहीच लागत नाही. ज्याच्या प्रोफाइलवर उगवता सूर्य आहे आणि नावापुढे ‘ट्रान्सफॉर्मेशन’ आहे, तो निवडा. तो तुम्हाला आहात तसंच ठेवील.

अमेरिकेतल्या मार्शल गोल्डस्मिथ या कोचच्या पद्धतीने काम करणारा तर अजिबात नको. साहेब सुधारला तरच फी, असा त्याचा करार. बरं, सुधारला की नाही, हे साहेबाला विचारतच नाहीत. त्याच्याभोवती काम करणाऱ्यांना विचारतात. म्हणजे चेकवर सही कंपनीची आणि निकाल हाताखालच्यांचा. काय राहिली मग शिस्त?

आणि आपल्या आचरेकर सरांचं उदाहरण कुणी दिलं तर विषय बदला. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिनने सांगितलं होतं की, एकोणतीस वर्षांत सर एकदाही ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत, पोरगा सुस्तावेल म्हणून. ज्याला शंभर शतकं ठोकायची आहेत त्याला हे ठीक आहे. तुम्हाला तिमाही गाठायची आहे. तुमच्या कोचने दर दहा मिनिटांनी ‘ग्रेट’ म्हणायला हवं, आणि ते बिलात धरलेलं असायला हवं.

आता ३६० अंशांचा फीडबॅक. तुमचे साहेब, बरोबरीचे आणि हाताखालचे अशा सगळ्यांकडून तुमच्याविषयी लिहून घेतात. साहेबांचं सोडून बाकी कुणाचं नाव दिसत नाही. कोच म्हणेल, यातून काय जाणवतं ते सावकाश पाहू. तुम्ही आधी हे कुणी लिहिलंय ते पाहा. ‘मीटिंगमध्ये आमचं म्हणणं पूर्ण होऊ देत नाहीत’ या वाक्याला पूर्णविरामाऐवजी तीन टिंबं आहेत. टेस्टिंगमधला तो पोरगा प्रत्येक मेलमध्ये तीन टिंबं देतो. सापडला! ‘रात्री साडेअकराला “अर्जंट नाही” असं लिहून मेसेज करतात’, ही ती पेरोलवाली. तिलाच तर केला होता. एका रविवारी चहाचा मोठा मग घेऊन बसलात तर संध्याकाळपर्यंत सगळे लेखक ओळखून होतात. सोमवारी त्यांच्याकडे बघून नुसतं हसा. पुढच्या वर्षी अहवाल बघा कसा गोड येतो ते.

खरी कसोटी सेशनमध्ये. बरा कोच सल्ला देत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तो प्रश्न विचारतो. काय साधायचंय, सध्या काय चाललंय, काय काय करता येईल, त्यातलं काय करणार, अशी ती चढण आहे. ब्रिटनमध्ये जॉन व्हिटमोर या जुन्या मोटार-शर्यतपटूने ती लोकप्रिय केली. पहिल्या पायरीवर तासभर घोटाळता येतं. दुसऱ्या पायरीवर मात्र तो विचारील, ‘तुमच्या टीममधली तीन माणसं सोडून गेली, त्यात तुमचा वाटा काय?’ आणि गप्प बसेल. हे गप्प बसणं भयंकर असतं. पाच सेकंद जातात, दहा जातात, स्क्रीनवर तो पापणी लववतो म्हणून समजतं की नेटवर्क शाबूत आहे. इथे भलेभले पाघळतात आणि खरं बोलून बसतात. तुम्ही शांतपणे म्हणा, ‘हॅलो? आवाज येतोय का माझा? तुमचा तुटतोय.’ मग कॉल कापून मोकळे व्हा. वाट्याचा प्रश्न पुढच्या पंधरवड्यावर गेला.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. माणूस जसजसा वर चढतो, तसतसे त्याचे विनोद अधिकाधिक चांगले होत जातात, हा ऑफिसचा निसर्गनियम आहे. तुम्ही काहीही म्हणालात तरी लोक हसतात, माना डोलावतात, आणि ‘नाही सर’ म्हणणारा शेवटचा माणूस कधी कंपनी सोडून गेला, ते तुम्हाला आठवतही नाही. कोच हसेलच असं नाही, कारण त्याचं अप्रेझल तुमच्या हातात नसतं. ‘निंदकाचे घर असावे शेजारी’ असं आपण म्हणत आलो. एचआरने तो निंदक १८ टक्के जीएसटी भरून थेट खोलीत आणून बसवलाय. म्हणून तर एवढी सावधगिरी.

गृहपाठ मिळेल, तो नाकारू नका. ‘मीटिंगमध्ये तुम्ही शेवटी बोला’ असं सांगितलं तर शेवटी बोला, फक्त चाळीस मिनिटं बोला. ‘टीमला प्रश्न विचारा’ म्हणाला तर विचारा, ‘तुम्हाला काय वाटतं?’, सूर ‘तुम्हाला काय कळतं?’चा ठेवला की उत्तरं आपोआप आटोपशीर येतात. सेशनमधलं बोलणं गुप्त असतं, कोच ते एचआरला सांगत नाही, हा नियम तुमच्या पथ्यावर पडणारा आहे. फायनान्सचे साहेबही त्याच्याकडेच जातात ना? मग ते तिथे काय बोलतात, हे हळूच काढून घ्यायचा प्रयत्न करा. त्याने सांगितलं नाही तर त्याच्या व्यावसायिकतेविषयी एचआरकडे शंका व्यक्त करा. सांगितलं तर लगेच करार वाढवा.

सहा महिने झाले की तुम्ही, तुमचे साहेब आणि कोच अशी तिघांची बैठक होते. साहेब विचारतील, काय फरक पडला? तुम्ही म्हणा, ‘मी आता खूप ऐकून घेतो.’ साहेबांचा फोन वाजेल, बैठक आटोपेल.

मग लिंक्डइनवर सविस्तर पोस्ट टाका: प्रवास, नम्रता, स्वतःची नव्याने ओळख, कोचसोबत एक फोटो. टीममधल्या सगळ्यांना टॅग करायला विसरू नका. पाच मिनिटांत लाइक येतील. ज्याचा आला नाही त्याचं नाव डायरीत टिपून ठेवा. तीन टिंबं देणारा तोच असेल.